गोळी आणि चहाच्या मधला अर्धा तास

हा लेख मी रोज सकाळी सहा ते साडेसहा या वेळात थोडा थोडा लिहिते आहे. यात साहित्यसेवा वगैरे काही नाही. सहा वाजता थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास तरी चहाला हात लावायचा नाही, असा मला हुकूम आहे. हुकूम कोणाचा ते पुढे येईलच. पण चहाशिवायच्या त्या अर्ध्या तासात माणसाने करायचं तरी काय? आमच्या चर्चच्या नाताळ अंकाचे संपादक दोन वर्षं मागे लागले होते, "मार्थाबाई, लॅबमधले अनुभव लिहा." मी टाळत होते. आता वेळ आयताच हाती आला. तेव्हा लेखात कुठे चिडचिड आढळली तर ती चहावाचून झालेली आहे, वाचकांनी मनाला लावून घेऊ नये.

मी एकतीस वर्षं तिसगावातल्या एका लहान दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. माणसांचं रक्त काढायचं, तपासायचं आणि आकडा कागदावर लिहून डॉक्टरांकडे पाठवायचा, एवढंच काम. डॉक्टरांना लोक नमस्कार करायचे. मला पाहून बाह्या खाली ओढायचे. पंचक्रोशीत माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, मी सगळ्यांची 'रगतवाल्या बाई'. बाजारच्या दिवशी भाजी घ्यायला गेले की एखादी आई हट्टी पोराला माझ्याकडे बोट दाखवून गप्प करायची. माझा चेहरा तसा काही वाईट नाही, पण एकतीस वर्षं मी त्या गावात बागुलबुवाचं कामही फुकटात केलं.

शेवटच्या दहाएक वर्षांत थायरॉईडच्या तपासण्या फार वाढल्या, म्हणून त्याबद्दलच लिहिते. ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली बसलेली लहानशी ग्रंथी. तिच्यातून जे पाझरतं त्यावर सगळ्या शरीराचा वेग ठरतो. ती मंदावली की माणूस मंदावतो. थंडी वाजते, चेहरा सुजतो, केस गळतात, आवाज बसतो, पोट साफ होत नाही आणि सारखी झोप येते. गंमत अशी की रक्त तपासताना आम्ही बहुतेक वेळा त्या ग्रंथीला विचारतच नाही, तिच्या मुकादमाला विचारतो. मेंदूच्या तळाशी आणखी एक ग्रंथी आहे, ती मुकादम. थायरॉईडने काम कमी केलं की मुकादम ओरडतो. काम जितकं कमी तितकं ओरडणं जास्त. ते ओरडणं म्हणजे टीएसएच. आकडा मोठा आला तर थायरॉईड कमी, असं हे उलटं गणित आहे. आमचा भाग ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. मुकादमाचं उदाहरण दिलं की निरक्षर बाईलाही ते एका दमात कळायचं. शिकलेल्यांना मात्र दोनदा सांगावं लागायचं.

शिकलेल्यांचा विषय निघालाच आहे तर एका निवृत्त मुख्याध्यापकांची गोष्ट सांगते. चार महिने गोळी चालू, पण आकडा जागचा हलेना. मी विचारलं, "गुरुजी, गोळी कशाबरोबर घेता?" म्हणाले, "चहाबरोबर. पण पोट रिकामं असतं. चहा हा द्रवपदार्थ आहे, पाणीही द्रवपदार्थ आहे." त्यांना मी सांगितलं, की चहा-दूध पोटात असलं तर ही गोळी नीट शोषली जात नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात उशिरा आले आहे. शेवटी त्यांच्या बायकोने चहाचा डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. दोन महिन्यांत आकडा जागेवर आला आणि गुरुजींनी माझ्याशी बोलणं सोडलं.

दुसऱ्या एक बाई उपासाच्या दिवशी गोळी घ्यायच्या नाहीत, का तर गोळीने उपास मोडतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. मी हिशेब मांडला तर महिन्यातले जेमतेम अठरा दिवस गोळी पोटात जात होती. हे वाचून आमच्या चर्चच्या बायकांनी हसायचं कारण नाही. आपल्याच गायनमंडळातल्या एका भगिनीने लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत काय सोडलं होतं? कोणी मटण सोडतं, कोणी मिठाई सोडतं, हिने गोळी सोडली होती. ईस्टरला सुजलेला चेहरा घेऊन आली. मी म्हटलं, "प्रभूने चाळीस दिवस उपास केला हे खरं, पण त्याला थायरॉईड नव्हतं." पाळकसाहेब मागेच उभे होते. असो.

पण मला सांगायची आहे ती गयाबाईची गोष्ट. माझी निवृत्ती सहा-सात महिन्यांवर आली होती. एप्रिलचं ऊन, ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परत आलेल्या. दुपारी बाराच्या सुमाराला पन्नाशी उलटलेली एक बाई लॅबमध्ये शिरली. अंगात लोकरीचा स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला मफलर आणि कडेवर वर्षाची नात. माझ्या टेबलावरचा पंखा गरम हवा फेकत होता आणि ही बाई म्हणाली, "आदी त्यो पंका बंद करा." आवाज असा घोगरा की मी दचकले. तिच्या मागे तिची सून उभी होती, मनीषा, तेवीस वर्षांची. चेहरा सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले, भिंतीला टेकलेली.

"हिचं रगत काडा," गयाबाई म्हणाली, "आन् कागदावर लिवून द्या, ही आळशी हाय म्हनून."

"आळसाची तपासणी आमच्याकडे होत नाही."

"मग हुती कशाची?"

मग तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कोणी धड मोजत नाही. मनीषा बाळंतपणानंतर आधीसारखी राहिलीच नव्हती. कोपरगावकडच्या उसाच्या फडात मोळी बांधता बांधता ती मोळीवरच झोपून गेली होती, आणि सगळी टोळी भोवती उभी राहून हसली होती.

"दसऱ्यामागं टोळी निघायची," गयाबाई म्हणाली. "तवर ही हुबी राह्यली तर बरं. न्हाई राह्यली तर माहेरी. पोराला दुसरी बघून ठिवलीय मी."

हे तिने सुनेसमोर सांगितलं, बाजारातून मीठ आणायचं आहे असं सांगावं तसं. मला संताप आला. दंडाला रबरी पट्टा बांधताना मनीषा हळूच म्हणाली, "बाई, मी नाटक न्हाई करत वो. मला खरंच झोप येती."

आकडा साठाच्या वर गेला. साधारण चार-पाचाच्या आत असायला हवा, तिथे साठ. मुकादम गळा फाडून ओरडत होता. डॉक्टर मॅडमनी दोघींना आत बोलावून सगळी लक्षणं विचारली, गोळी लिहून दिली आणि सांगितलं, "हा आळस नाही, आजार आहे. दर दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं. गोळी रोज, आणि बहुतेक कायमची."

आता हे झालं कशाने, हा प्रश्न. गयाबाईच्या मते सुनेच्या माहेरच्या पाण्याने. शेजारणीच्या मते मोबाईलने. मनीषाच्या आईच्या मते सासूने. डॉक्टरांची यादी वेगळी असते. आयोडीन कमी पडलं तर होतं, म्हणून मीठ कोणतं खाता ते विचारतात. गळ्याचं ऑपरेशन झालंय का विचारतात, हृदयाच्या ठोक्यांची किंवा मनाच्या आजाराची काही औषधं चालू आहेत का पाहतात, क्वचित त्या वरच्या मुकादमातच बिघाड निघतो. पण सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते असं, की शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. बाळंतपणानंतर हे पुष्कळदा उघडं पडतं, आणि घराण्यातही चालतं. त्याची तपासणी आमच्याकडे नव्हती. नमुना बर्फात घालून एसटीने नगरला पाठवला. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी एसटी अजून नगरलाच जाते.) उत्तर आलं ते हेच. मी गयाबाईला सांगितलं, "घरच्याच माणसांनी घरचं माणूस धरून बडवलंय." ती म्हणाली, "मंजी कोनी?" मी म्हटलं, "तिच्या शरीराने." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

जूनमध्ये दोघी परत आल्या. आकडा जेमतेम उतरलेला. मॅडमनी गोळी दुप्पट केली. माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. चहाबरोबर घेतेस का? नाही. उपास करतेस का? नाही. मग सापडलं, की रक्त कमी म्हणून उपकेंद्रातून मिळालेली लोहाची गोळी ती थायरॉईडच्या गोळीबरोबर एकाच घोटात घेत होती. लोह आणि कॅल्शियम या दोन गोळ्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास तरी लांब ठेवायच्या असतात, नाहीतर तिला पोटातच अडवून धरतात. मी विजयी मुद्रेने मॅडमना सांगितलं. लोहाची गोळी संध्याकाळी गेली. थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली पत्र्याखालच्या फळीवर तापत होती, ती तिथून काढायला लावली.

"बाटली आता माज्याजवळच आस्ती," गयाबाई म्हणाली. "हिच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. पैल्यापासून मीच रोज हातानं देते."

मी तिचं कौतुक केलं. दुसऱ्या पेशंटना उदाहरण म्हणून सांगितलं, की सासू असावी तर अशी. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते आणि हसूही येतं.

एक गोष्ट मला कळत नव्हती. ही बाई दर खेपेला दारातून आत येताना म्हणायची, "या बारीला आकडा उतरला न्हाई तर माहेरी." आणि तपासणीची तारीख मात्र एकदाही चुकवायची नाही. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी हजर. जिला घालवायची आहे तिच्या औषधाची एवढी काळजी कोण करतं? पण लॅबमध्ये गर्दी होती आणि मी विचार सोडून दिला.

ऑगस्टच्या सुरुवातीला रक्ततपासणीची तिसरी खेप. बाहेर भुरभुर पाऊस, बोचरा वारा. मी स्वेटर घालून बसले होते. व्हरांड्यात कोणीतरी मोठ्याने हसलं, खणखणीत. मी मान वर करून पाहिलं तर गयाबाई. शाल नाही, मफलर नाही, स्वेटर नाही, नुसता पदर. स्टँडवरून पायी आली होती. मागून मनीषा, आधीपेक्षा जरा बरी, पण पायरी चढताना दम खाणारी. मी रक्त घेतलं आणि तासाभराने आकडा पाहिला. तीसच्या आसपास. दुप्पट गोळीवर हा आकडा कोणत्याही गणितात बसत नव्हता. मॅडमनी मनीषाला आत घेतलं आणि गयाबाई माझ्या टेबलाशेजारी येऊन बसली.

दसरा दोन-अडीच महिन्यांवर आला होता. आकडा असाच राहिला तर पोरगी फडात उभी राहणार नव्हती आणि पुढचं सगळं ठरलेलंच होतं. मी त्याच काळजीत होते. गयाबाईने कमरेची चंची सोडली, अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि चिमूटभर माझ्या हातावर ठेवली. "घ्या. लई इचार करू नका."

मी तळहात तोंडाकडे नेला आणि थांबले. सुपारीच्या चार खांडांत एक पांढरं खांड होतं. कड चुरलेली, एका बाजूने गोल. मी सगळ्या जन्मात एवढ्या गोळ्या पाहिल्या आहेत, की मला ती ओळखायला चष्मा लागला नाही.

"गयाबाई, हे काय?"

"सुपारी."

"आणि हे?"

तिने वाकून पाहिलं. ते खांड शांतपणे माझ्या तळहातावरून उचललं आणि चंचीत परत टाकलं. "ते उद्याचं हाय," ती म्हणाली.

मी तळहात तसाच पुढे धरून ठेवला. इतक्या वर्षांत एक शिकले होते, की सुई टोचल्यावर आणि प्रश्न विचारल्यावर हात हलवायचा नाही. गयाबाईने अडकित्ता मिटला, उघडला, मिटला.

"पैल्या बारीला डागदरीन बाई मनीला इचारत हुत्या," ती म्हणाली. "थंडी वाजती का, आंग सुजतं का, आवाज बसला का, भुवया झडल्या का. मी मागं हुबी. म्हनलं, ह्या तर समदं माजंच सांगायल्यात. मग गोळी आली. आमच्या घरात आलेला जिन्नस दोघींत केल्याबिगर मी कदी खाल्ला न्हाई. भाकर दोघींत, गुळाचा खडा दोघींत. गोळीबी केली."

"अडकित्त्याने?"

"मग काय इळीनं करू?"

"तेव्हाच का नाही बोललात? तुमचंही रक्त घेतलं असतं."

"कसं बोलू? वरीसभर गावाला सांगत फिरले, सून आळशी हाय म्हनून. आन् मला त्योच आजार निगाला तर लोक काय म्हनतील?" मग तिने चंचीची दोरी ओढली. "माजी सासू मला म्हस म्हनायची. तीस हंगाम तोडला मी ऊस, कुडकुडत. उन्हातबी थंडी वाजायची. मला वाटलं मी म्हसच हाय."

मला रागवायचं होतं. रागवायचं कारणही होतं, कारण वय झालेल्या माणसाने ही गोळी न विचारता घेतली तर हृदयावर ताण येऊ शकतो, आणि अर्ध्या गोळीवर ती तरणी पोरगी दसऱ्यापर्यंत बरी झाली नसती. पण मला त्या क्षणी माझी आई दिसली. आमची आई चर्चमध्ये गायची. माझी नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा तिचा आवाज बसत गेला, चेहरा जड झाला, उन्हातही शाल घेऊन बसायची. गायनमंडळात तिला आधी मागच्या ओळीत उभं केलं, मग नकोच म्हणाले. ती दिवसभर झोपायची. मी संध्याकाळी लॅबमधून, शंभर माणसांचं रक्त तपासून घरी यायचे आणि तिला म्हणायचे, "आई, जरा हालचाल कर गं, किती आळस." तिचं रक्त मी कधीच घेतलं नाही. ती गेली दुसऱ्याच आजाराने, पण शेवटची दहा वर्षं आळशी म्हणून जगली, आणि तसं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे मी होते. मी गयाबाईला काय रागावणार?

"मनीला सांगू नका," गयाबाई म्हणाली.

"मला ठावं हाय, आत्या."

मनीषा दारात उभी होती. गयाबाईच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

"कदीपासून?"

"पैल्या आठवड्यापासून. गोळी गोल आस्ती, तुमी अर्दी द्यायच्या. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मी विचारलं, "अगं मग बोलली का नाहीस? तुझं नुकसान होत होतं."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. "बाई, आत्यांना गोळी मानवली. पर गोळी माज्या नावावर हाय. मला माहेरी धाडलं तर गोळीबी माहेरी जायची. मग मी म्हनलं, खाऊ दे त्यांना."

एकतीस वर्षांत मी कोणाच्या अकलेला मनातून इतका मोठा नमस्कार केला नसेल. ही पोरगी झोपेत बुडालेली, सगळा गाव तिला मंद म्हणतो, आणि तिने अर्धी गोळी देऊन स्वतःचं घर धरून ठेवलं होतं. गयाबाई खाली मान घालून बसली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. म्हणजे दोन्ही करत होती.

डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकल्यावर मात्र दोघींना चांगलं फैलावर घेतलं आणि मलाही, कारण मीच सासूची वाहवा केली होती. मग म्हणाल्या, "गयाबाई, बाही वर करा."

आणि इथे तीस हंगाम कोयता चालवलेली बाई खुर्चीतून उठून थेट दारापर्यंत गेली. सुईला ती भीत होती. कोयत्याने बोटं कापून घेतलेली बाई, पण सुई नको. मी समजावलं, मॅडमनी समजावलं. शेवटी ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आदी ह्यांचं काडा."

"माझं कशाला?"

"तुमी का सेटर घालून बसल्यात? मी उतारलं, तुमी चढवलं. तोंडबी सुजलंय तुमचं. आन् चैतात मी पंका बंद करा म्हनलं तवा तुमालाच बरं वाटलं. म्या बघितलं न्हाई का."

मी म्हटलं, लॅबमधल्या फ्रिजचा गारवा बाहेर येतो, म्हणून स्वेटर. मॅडम फ्रिजकडे पाहून म्हणाल्या, "मार्थाबाई, फ्रिजचा गारवा बाहेर येत असेल तर फ्रिज बदलावा लागेल. बसा." काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते, पण ती माझ्यावर बेतलेली आहे हे तेव्हा कळलं. त्या दिवशी माझ्या दंडाला पट्टा मनीषाने बांधला, सुई मॅडमनी टोचली आणि गयाबाई माझा दुसरा हात धरून मोठमोठ्याने म्हणत होती, "झालं, झालं, मुंगी चावल्यावानी." मग ती स्वतः बसली. डोळे घट्ट मिटून, शिव्या घालत.

तिचा आकडा सुनेच्या त्या दिवशीच्या आकड्यापेक्षा मोठा आला, आणि तोही चार महिने अर्धी गोळी खाल्ल्यावर. मी सांगितलं तेव्हा तिने सुनेकडे असं पाहिलं, जणू शर्यत जिंकली आहे. "बगितलं का? मोठ्ठा हाय माजा." तिच्या हृदयाचा आलेख काढला, तो बरा निघाला, आणि मॅडमनी तिला तिच्या वयाला बसेल अशी गोळी बेताने सुरू केली. माझा आकडा त्या दोघींच्या पुढे किरकोळ होता, पण गोळी लागणारच होती. आईकडून माझ्यात आलेली ही एकच गोष्ट असावी. गाणं तर आलं नाही.

दोन बाटल्या दिल्या, एकीला लाल दोरा बांधला आणि एकीला काळा. लाल मनीषाची. गयाबाईने जाताना अडकित्ता माझ्या टेबलावर ठेवला. "ठिवा तुमच्यापाशी. न्हाईतर सवय हाय, हात वळवळतो." मी सुपारी खात नाही, पण तो अजून माझ्याकडे आहे.

अख्खी गोळी पोटात गेल्यावर मनीषाचा चेहरा दोन महिन्यांत उतरला. सूज गेल्यावर तिला गालफडं आहेत हे मला कळलं. दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा ट्रॅक्टर दवाखान्यासमोर थांबला. मनीषा एका हाताने पोरगी धरून ट्रॉलीत चढली, कोणाचा हात न घेता. गयाबाई नातीला सांभाळायला आणि भाकरी थापायला बरोबर निघाली होती. मला राहवलं नाही. तिला बाजूला घेऊन विचारलं, "ती दुसरी बघून ठेवली होती, ते खरं की नुसतं भीती घालायला?"

"खरंच ठिवली हुती," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू तुमच्याशी? पैल्यांदा गोळी जाईल म्हनून थांबले. मग मला बरं वाटाय लागलं. थंडी गेली, डोकं हलकं झालं. तवा इचार आला, हिलाबी आसंच हुत आसंल की आतून. मग कुटं धाडू?"

एवढं बोलून ती ट्रॉलीत चढली आणि मी रस्त्यावर उभी राहून भर उन्हात रडले. कोणी विचारलं असतं तर धूळ गेली म्हणून सांगितलं असतं.

यंदा त्यांचा दुसरा हंगाम चालू आहे. कोपरगावच्या बाजूलाच आहेत. मी आता निवृत्त, नगरमध्ये भावाकडे राहते. रोज सकाळी सहा वाजता फडातून फोन येतो. हुकूम गयाबाईचाच आहे. तिचीही गोळीची वेळ तीच, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ती डॉक्टरांपेक्षा कडक पाळते. मागे कोयत्यांचा आवाज असतो आणि मनीषा मोळ्या मोजत असते. आजही आला. आज मात्र मी सव्वासहालाच आधण ठेवलं होतं, हे इथे कबूल करते, आणि या वेळी फोनही नेमका उशिरा आला.

"घेतली का?"

"घेतली."

"च्या?"

"नाही अजून," मी कप खाली ठेवत म्हणाले.

कप ठेवल्याचा आवाज तिकडे गेला असणार. मग ती म्हणाली, "बाई, अख्खी घेतली न्हवं?"